कॉलेज कॉन्फरन्सचं स्वतःचं टीव्ही चॅनेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोच्या उपनगरात राहायला येऊन मला वीसेक वर्षं झाली. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांतली मुलं पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांत जातात. मग त्यांच्या आईबाबांना आणि भारतातल्या आजी-आजोबांना प्रश्न पडतो, की विद्यापीठांच्या एका गटाचं चक्क चोवीस तासांचं टीव्ही चॅनेल असतं, ते चालतं कशावर? माझी भाची कॉलेजात असताना अशाच एका चॅनेलच्या सामन्यांना कॅमेरा सांभाळायची. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं जास्त करून बिग टेन या विद्यापीठांच्या गटाच्या ‘बिग टेन नेटवर्क’ या चॅनेलची आहेत, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत उभं राहिलं.

कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय?

आपापसांत नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा संघ. खेळ सगळे: अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, कुस्ती, पोहणं, जिम्नॅस्टिक्स. बिग टेनची स्थापना १८९६ सालची. नावात दहा असले तरी २००७ मध्ये सभासद अकरा होते आणि आज अठरा आहेत. कॉन्फरन्स वेळापत्रक आखते, पंच नेमते आणि सगळ्या सभासदांच्या वतीने टीव्हीचे हक्क विकते. चॅनेलच्या गोष्टीत हे शेवटचं कामच महत्त्वाचं.

हक्क विकून पैसे मिळतच होते, मग स्वतःचं चॅनेल काढायचा खटाटोप कशाला?

यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे किती सामने टीव्हीवर दिसायचे, हे एनसीएए ही देशपातळीवरची संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी मोडली. त्यानंतर विद्यापीठं आणि कॉन्फरन्स आपापले हक्क स्वतः विकायला मोकळे झाले.

पण विकायला मोकळं असणं वेगळं आणि चांगला भाव मिळणं वेगळं. मोठी चॅनेल्स सगळे हक्क घ्यायची, मोजके सामने दाखवायची आणि उरलेले कुठेच दिसायचे नाहीत. २००४ च्या सुमारास बिग टेनची ईएसपीएन या क्रीडा चॅनेल्सच्या कंपनीशी नव्या कराराची बोलणी चालली होती. देऊ केलेला भाव बिग टेनचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, जिम डेलनी यांना पटला नाही. स्वतःचं चॅनेल काढू, असं त्यांनी सांगून टाकलं आणि ते खरंही केलं. जून २००६ मध्ये फॉक्स या टीव्ही कंपनीबरोबर घोषणा झाली आणि ३० ऑगस्ट २००७ रोजी चॅनेल सुरू झालं.

म्हणजे हे असं पहिलंच चॅनेल का?

नाही. तो मान माउंटन वेस्ट कॉन्फरन्सच्या ‘द माउंटन’ या चॅनेलचा. ते सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झालं आणि मे २०१२ मध्ये बंद पडलं. रॉकी पर्वताच्या आसपासची ही कॉन्फरन्स. लोकवस्ती विरळ, त्यामुळे केबलवाल्यांवर दबाव आणण्याइतके चाहते एका जागी नव्हते. शिवाय युटा, बीवाययू आणि टीसीयू हे तिचे नावाजलेले संघ एकामागून एक बाहेर पडले. पहिल्यांदा वाट काढणाऱ्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, म्हणून मी ते आवर्जून घेते.

पैसा येतो कुठून? जाहिरातींतून?

जाहिरातींतून थोडा येतो. खरा पैसा केबलच्या बिलातून येतो, आणि हे समजलं की बाकीची सगळी गोष्ट आपोआप उलगडते.

अमेरिकेत केबल किंवा डिश कंपनी प्रत्येक चॅनेलला दर घरामागे दरमहा ठरावीक रक्कम देते. तुम्ही ते चॅनेल पाहा किंवा पाहू नका. ते तुमच्या पॅकेजमध्ये असेल तर पैसे जातातच आणि ते तुमच्याच बिलातून वसूल होतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना २०१९ पासून ट्रायच्या नियमाने हवी ती चॅनेल्स निवडून घेण्याची सवय झाली आहे. इथे तशी निवड नव्हती. सगळ्यांना मिळणारं मूळ पॅकेज आणि जास्त पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळा स्पोर्ट्स पॅक, असे दोन कप्पे होते. कॉन्फरन्सचं चॅनेल यांतल्या कुठल्या कप्प्यात जाणार, यावर त्याचा जन्म-मृत्यू ठरतो.

हिशेब करून पाहा. समजा एका राज्यात दहा लाख केबलधारक घरं आहेत आणि दर ७० सेंट आहे. चॅनेल मूळ पॅकेजमध्ये असेल तर वर्षाला ८४ लाख डॉलर येतात. तेच स्पोर्ट्स पॅकमध्ये टाकलं आणि तो पॅक दर दहा घरांपैकी एकानेच घेतला, तर साडेआठ लाखसुद्धा येत नाहीत. सामने तेच, कॅमेरेही तेच.

दरही दोन असतात. सभासद विद्यापीठं ज्या राज्यांत आहेत तिथे जास्त, बाहेर अगदी किरकोळ. बिग टेनने सुरुवातीला आपल्या आठ राज्यांत घरामागे १ डॉलर १० सेंट मागितले होते आणि बाहेर १० सेंट.

केबल कंपन्या एवढ्या का अडून बसतात?

त्यांच्या बाजूनेही बघायला हवं. ज्या आजीबाईंना फुटबॉलशी काडीचं घेणंदेणं नाही, त्यांच्या बिलात महिन्याला डॉलर का वाढवायचा? कॉमकास्ट या बड्या केबल कंपनीचा २००७ मधला मुद्दा हाच होता: ज्याला बघायचंय त्याने स्पोर्ट्स पॅक घ्यावा. बिग टेन म्हणे, हे चॅनेल आमच्या राज्यांत सगळ्यांना हवंय, मूळ पॅकेजमध्येच घ्या. दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्रांत जाहिराती झाल्या आणि पहिला अख्खा फुटबॉल हंगाम कॉमकास्टच्या ग्राहकांना चॅनेलविना काढावा लागला. डायरेक्टीव्हीसारख्या डिश कंपन्यांनी ते पहिल्यापासून दाखवलं.

या भांडणात सगळ्यात मोठा वकील ठरला एक सामना. चॅनेल सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. १ सप्टेंबर २००७, ॲन आर्बरचं मिशिगन स्टेडियम, लाखाच्या वर प्रेक्षक. देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनपुढे ॲपलाचियन स्टेट हा खालच्या गटातला संघ होता. सामना इतका एकतर्फी समजला जात होता की मोठ्या चॅनेल्सनी तो घेतलाच नाही आणि तो या नव्या चॅनेलच्या वाट्याला आला. शेवटच्या काही सेकंदांत ॲपलाचियन स्टेट ३४–३२ असा पुढे. मिशिगनने जिंकण्यासाठी फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) मारायला घेतला आणि कोरी लिंच नावाच्या बचावपटूने झेप घेऊन तो चेंडू हवेतच अडवला, उचलला आणि घेऊन धावत सुटला. स्टेडियम एकदम गप्प झालं. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला हा सर्वांत धक्कादायक निकालांपैकी एक, आणि मिशिगन राज्यातल्या कित्येक घरांत तो दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी केबल कंपनीला फोन करणाऱ्यांना कुठल्या जाहिरातीची गरज उरली नव्हती.

तरी समझोत्याला जून २००८ उजाडला. दर ७० सेंटच्या आसपास ठरल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर इतर मोठ्या केबल कंपन्याही महिन्या-दोन महिन्यांत तयार झाल्या.

मालकी कोणाकडे असावी? पूर्ण स्वतःची असली तर उत्तम नाही का?

ऐकायला उत्तम वाटतं. मलाही अनेक वर्षं तसंच वाटायचं. पॅक-१२ ची गोष्ट पाहिली आणि मत बदललं.

तीन नमुने समोर आहेत. बिग टेनने सुरुवातीला ५१ टक्के स्वतःकडे ठेवले आणि ४९ टक्के फॉक्सला दिले. पुढे फॉक्सचा हिस्सा निम्म्याच्या वर गेला. एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सने ऑगस्ट २०१४ मध्ये चॅनेल काढलं, त्याची मालकी पूर्णपणे ईएसपीएनची आहे. एसीसी या अटलांटिक किनाऱ्याकडच्या कॉन्फरन्सनेही २०१९ मध्ये तोच रस्ता धरला. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ ने मात्र ऑगस्ट २०१२ मध्ये शंभर टक्के स्वतःचं चॅनेल उभारलं. चॅनेल कसलं, सात चॅनेल्स: एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक. कचेरी आणि स्टुडिओ सॅन फ्रान्सिस्कोत, म्हणजे देशातल्या सगळ्यात महाग भाड्याच्या शहरांपैकी एकात.

गाडं कुठे अडलं? डायरेक्टीव्हीशी त्यांचा करार शेवटपर्यंत झाला नाही. ईएसपीएन केबलवाल्याशी बोलायला बसते तेव्हा तिच्या हातात चॅनेल्सचा अख्खा गठ्ठा असतो. एसईसीचं चॅनेल हवं नको म्हणताना बाकीच्या चॅनेल्सचाही विचार करावा लागतो. म्हणूनच एसईसी नेटवर्क सुरू झालं त्या दिवशी जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्यांशी करार झालेले होते. पॅक-१२ एकटी होती. हातात फक्त आपलं चॅनेल. कंपनी ‘नको’ म्हणाली की बोलणं संपलं.

आणि नफा पूर्ण आपला असला तर खर्चही पूर्ण आपलाच. सात वाहिन्यांचा संसार, महागडं भाडं, शेकड्यांनी सामन्यांचं थेट प्रक्षेपण. सभासदांच्या हाती पडणारी रक्कम बिग टेन आणि एसईसीच्या तुलनेत मागे पडत गेली. जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए या तिच्या दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. पुढच्या सव्वा वर्षात बाकीचेही पांगले. बारापैकी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढेच राहिले. ३० जून २०२४ ला चॅनेल बंद झालं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तिथली माणसं कुस्तीपासून वॉटर पोलोपर्यंत सगळ्या खेळांवर जीव लावून काम करत होती.

माझं मत विचाराल तर मालकीचा आकडा दुय्यम आहे. केबलवाल्याला ‘हो’ म्हणायला भाग पाडणारा भागीदार सोबत आहे का, हा प्रश्न आधी.

विद्यापीठांना आधी काय लिहून द्यावं लागतं?

आपल्या घरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क कॉन्फरन्सच्या नावे. याला इथे ‘ग्रँट ऑफ राइट्स’ म्हणतात. यातली मेख अशी, की मुदतीच्या आत एखादं विद्यापीठ कॉन्फरन्स सोडून गेलं तरी त्याचे हक्क मागेच राहतात. एसीसीचा असा करार २०३६ पर्यंतचा आहे. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन त्यावरून कोर्टात गेले आणि २०२५ च्या मार्चमध्ये तडजोड झाली. पॅक-१२ चा करार २०२४ मध्ये संपत होता, म्हणून तिथल्या विद्यापीठांना उठून जाणं सोपं गेलं.

दुसरं किचकट काम असतं उरल्यासुरल्या हक्कांचं. मोठ्या चॅनेल्सना नको असलेले सामने अनेक विद्यापीठांनी आधीच स्थानिक कंपन्यांना विकलेले असतात. ते परत मिळवल्याशिवाय चॅनेलवर दाखवायला काही उरतच नाही. एसईसीच्या विद्यापीठांना हे करावं लागलं. आणि एखादं विद्यापीठ तयारच नसेल तर? टेक्सास विद्यापीठाने २०११ मध्ये ईएसपीएनशी २० वर्षांचा, ३० कोटी डॉलरचा करार करून स्वतःचं लाँगहॉर्न नेटवर्क काढलं. सगळ्यात मोठा सभासदच वेगळी चूल मांडून बसल्यावर बिग १२ कॉन्फरन्सचं केबल चॅनेल कधी उभंच राहिलं नाही.

घोषणेपासून सुरू होईपर्यंत किती वेळ?

सव्वा वर्ष धरून चाला. बिग टेनला चौदा महिने लागले, एसईसीला पंधरा. एसीसीने तीन वर्षं घेतली. सुरुवात मात्र या तिघांचीही ऑगस्टमध्ये, फुटबॉलच्या तोंडावर. तो मुहूर्त चुकला की वर्ष गेलंच.

केबलच्या पैशासाठी लांबची विद्यापीठं घेतली, हे खरं का?

मेरीलँड आणि रटगर्स २०१४ मध्ये बिग टेनमध्ये आले, त्याचं मुख्य कारण वॉशिंग्टन आणि न्यू यॉर्कच्या आसपासची केबलधारक घरं हेच होतं, असं इथे सर्रास मानलं जातं आणि मलाही ते पटतं. सभासद आला की त्या राज्यात चॅनेलचा दर किरकोळ सेंटांवरून कितीतरी वर जातो. चॅनेलने कॉन्फरन्सचा नकाशा बदलला तो असा. त्याची किंमत खेळाडूंनी मोजली: परीक्षेच्या आठवड्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला प्रवास. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीच्या आईला विचारा.

फायदा आकड्यांत दिसतो का?

एसईसीने २०१३-१४ मध्ये आपल्या विद्यापीठांना मिळून सुमारे ३०.९६ कोटी डॉलर वाटले. चॅनेलचं पहिलं वर्ष असलेल्या २०१४-१५ मध्ये ४५.५८ कोटी. याच वर्षी कॉलेज फुटबॉलच्या नव्या प्लेऑफचा पैसाही सुरू झाला, त्यामुळे सगळं श्रेय चॅनेलला देता येणार नाही. तरी उडी लहान नव्हती.

सगळे मोठे सामने तर फॉक्स, सीबीएस, एनबीसीवर असतात. मग चॅनेलवर चोवीस तास दाखवतात काय?

वर्षाचे ८,७६० तास भरायचे असतात आणि फुटबॉलचा हंगाम तीन-सव्वातीन महिन्यांचा. पहिल्या पसंतीचे सामने मोठ्या चॅनेल्सना जातात हे खरं. तरीही प्रत्येक संघाचे एक-दोन फुटबॉल सामने कॉन्फरन्स मुद्दाम आपल्या चॅनेलसाठी ठेवते, म्हणजे प्रत्येक विद्यापीठाचे चाहते केबलवाल्याकडे चॅनेलची मागणी करतात. बास्केटबॉलने हिवाळा निघतो. बाकी जुने गाजलेले सामने, प्रशिक्षकांच्या मुलाखती, विद्यापीठांनी स्वतः केलेले कार्यक्रम.

आणि मग ते खेळ, ज्यांच्यासाठी मी स्वतः हे चॅनेल लावते: व्हॉलीबॉल, कुस्ती, मुलींचं जिम्नॅस्टिक्स. बिग टेनने सुरुवातीलाच सांगितलं होतं, की तीन वर्षांत पुरुषांचे आणि महिलांचे सामने सारख्याच संख्येने दाखवू. त्या आधी आयोवात कुस्तीची लढत पाहायला पाच-दहा हजार माणसं जमायची आणि शेजारच्या राज्यात कुणाला पत्ता नसायचा. ३० ऑगस्ट २०२३ रोजी, चॅनेलच्या सोळाव्या वाढदिवशी, नेब्रास्काच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना लिंकनच्या फुटबॉल स्टेडियमवर झाला तेव्हा ९२,००३ प्रेक्षक आले. नेब्रास्कात व्हॉलीबॉलचं वेड आधीपासून होतं. पण दर आठवड्याला टीव्हीवर दिसल्याशिवाय एखाद्या खेळाडूचं नाव घराघरांत पोहोचत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एवढे सामने दाखवायला माणसं कुठून आणतात?

फुटबॉलला डझनभर किंवा जास्त कॅमेरे, बाहेर उभा असलेला प्रॉडक्शन ट्रक, अनुभवी लोक. प्रत्येक व्हॉलीबॉल सामन्याला असा लवाजमा परवडत नाही. उपाय म्हणजे विद्यार्थी. बिग टेनने पहिल्यापासून विद्यार्थ्यांकडून सामने चित्रित करून घेतले. पुढे एसईसी आणि एसीसीच्या विद्यापीठांनी कॅम्पसमध्येच कंट्रोल रूम बांधल्या.

भाचीबरोबर मी एकदा सामन्याच्या तीन तास आधी गेले होते. जिम रिकामं. ती गुडघ्यांवर बसून कॅमेऱ्याची केबल जमिनीला टेपने चिकटवत होती, कुणी अडखळून पडू नये म्हणून दर हातभर अंतरावर एक पट्टी. मग कानाला हेडसेट लावला. सामना सुरू झाल्यावर तिच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला, की तिचे खांदे ताठ व्हायचे, कारण आता तीच लाखो घरांत दिसणारी नजर होती. ट्रकमधून दिग्दर्शकाचा आवाज, ‘दोन, तयार राहा... दोन घेतला.’ ती दोन नंबर. स्मॅश मारणाऱ्या मुलीवर फोकस हुकला तर बोलणी बसायची आणि पुढच्याच पॉइंटला जमलं तर कुणी काही म्हणायचं नाही. रात्री साडेदहाला सगळ्या केबल गुंडाळून झाल्यावर आम्ही पिझ्झा खाल्ला.

लोक केबल सोडून स्ट्रीमिंगकडे चाललेत. आता एखाद्या कॉन्फरन्सने नवं चॅनेल काढावं का?

जुन्या पद्धतीचं, नाही. न बघणाऱ्या घरांच्या पैशावर उभा राहिलेला हा डोलारा केबलधारक घटले की खचतो. लाँगहॉर्न नेटवर्कही पॅक-१२ च्याच दिवशी, ३० जून २०२४ ला बंद झालं. ज्यांची चॅनेल्स आहेत ती मोठ्या भागीदाराच्या आधाराने तग धरून आहेत. लहान कॉन्फरन्सने आधी कॅम्पसवर चांगली कंट्रोल रूम, विद्यार्थ्यांची पक्की टीम आणि एखाद्या स्ट्रीमिंग सेवेशी करार, एवढ्यावर सुरुवात करावी. स्ट्रीमिंगमध्ये फक्त बघणाराच पैसे देतो, त्यामुळे उत्पन्न कमी येणार हे धरूनच बजेट करावं.

यातून खेळाडूंना काय मिळतं?

खूप वर्षं शिष्यवृत्तीपलीकडे काहीच नाही आणि हे मला कायम खटकत आलं आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी मर्यादा विद्यापीठामागे साधारण २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. व्हॉलीबॉलच्या मुलींच्या हाती किती पडतं, यावर पालकांनी लक्ष ठेवायला हवं.

माझी मुलगी पुण्याहून तिथे शिकायला जाते आहे. तिला कॅमेऱ्याचं हे काम मिळेल का?

मिळू शकतं, आणि पत्रकारितेची विद्यार्थिनीच हवी असं काही नाही. भाचीबरोबर मेकॅनिकल इंजिनिअरिंगची मुलंही होती. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. पगार विद्यापीठाकडून आहे की बाहेरच्या कंपनीकडून, हे आधी विचारून घ्यावं आणि होकार देण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातून खात्री करावी. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात क्रीडा विभागाच्या व्हिडिओ टीमला ईमेल करायला सांगा, कारण व्हॉलीबॉल ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं आणि माणसं तेव्हाच कमी पडतात. पहिले काही सामने केबल ओढण्यात जातील. बूट आरामशीर घेऊन जा म्हणावं.